चुना लावलेले भोपळे

अन्याय झाला तो आमच्या आळीतल्या कोळी तात्यांवर. कधी झाला तेही सांगतो : सत्तावन्न सालच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, दिवस कासराभर वर यायच्या आत. जागा, सणसरच्या अलीकडचं आमचं तळं. गावात आता ‘तात्याचं नशीब’ असा शब्द चालू झाला आहे. नशिबानं बंदूक उडवली नव्हती. ती एका माणसानं उडवली, आणि उडवून तो न्याहारीला गेला.

मी तिथं होतो, कारण हिवाळ्यात मी रोजच तिथं असतो. दिवाळी झाली की तळ्यावर पाखरं उतरायला लागतात. आधी थापट्या, मग लांब टोकदार शेपटीची तलवार बदकं, आणि पौषात डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस. हे हिमालयापलीकडून येतात असं मी वाचलं आहे. हळदीकुंकू बदकं मात्र इथलीच, बारमाही. पाव्हणे आले की ती घरच्या माणसांसारखी कडेला सरकतात. घोंगडी पांघरून सांडव्याच्या भिंतीआड बसायचं, जुनी दुर्बीण डोळ्याला लावायची आणि उजाडताना पाण्यावर कोण कोण आहे ते बघायचं. यात मला आनंद आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. गाव चेष्टा करतं. सगळ्यात जास्त तात्याच करायचे.

“काय रं, पाखराची सोयरीक जमवायलायस का काय? रोज बगाय येतोस ती!”

“तात्या, एकदा दुर्बिणीतनं बघा तरी.”

“मी काय बगू? माजं मासं खात्यात ती. तुजी पावणी आन् माजी चोरटी!”

एवढं बोलून ते जाळं काढायला निघायचे. त्यांची सांगड म्हणजे दोन थोराड सुके भोपळे आणि त्यांना जोडणारा दोर. दोरावर छाती टेकायची, भोपळे दोन बाजूंना, आणि पाय मारत पुढं जायचं. लांबून बघितलं तर तीन गोल दिसतात : दोन भोपळे आणि मधे तात्यांचं डोकं.

आता गावाची रीत ऐका. तळं सरकारचं आहे, पण मासे धरतं ते तात्यांचं एकच घर. त्याबद्दल त्या घरानं काय करायचं? तर गावचे पाव्हणे बंदुका घेऊन आले की पडलेलं पाखरू पाण्यातून काढून द्यायचं. ही रीत गोऱ्या साहेबांच्या काळात पडली. गोरे साहेब कुत्री आणायचे म्हणे, पण पौषातल्या पाण्यात कुत्र्यांना थंडी बाधायची. म्हणून माणूस. साहेब गेले, कुत्री गेली. माणसाचं काम तेवढं राहिलं.

त्या सकाळची थंडी मी विसरणार नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण बांधावरच्या गवतावर दहिवर गोठून पांढरंफेक झालं होतं, आणि मळ्यांतली वांगी रात्रीत करपून काळी पडली होती. पाण्यावर धुकं असं बसलं होतं की समोरचं पाणकणीस दिसत नव्हतं. वालचंदनगरच्या कारखान्याचा भोंगा झाला तो अगदी कानाशी झाल्यासारखा वाटला. पाखरं दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. मधूनच हंसांचं घशातलं बोलणं, मधूनच एखाद्या बदकाची शीळ. मी उन्हाची वाट बघत बसलो होतो.

तेवढ्यात जीप आली. आमचे बागाईतदार आबा, त्यांचे दोन शहरातले पाव्हणे, दोन बंदुका, चहाची किटली. मागून चालत तात्या, खांद्यावर सांगड, अंगात बंडी. दोन दिवस ते तापानं झोपून होते हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. आबांनाही होतं.

आवाजाच्या रोखानं पहिले बार झाले. सगळं तळं एकदम उठलं. पंखांचा तो आवाज छातीत बसतो. धुक्यात कुठंतरी दोन-तीन जड वस्तू पाण्यावर आपटल्या.

“तात्या, उतर,” आबा म्हणाले.

“आबा, धुकं हटू द्या की वाईच. मला तुमी दिसत न्हाय, तुमाला मी कुठनं दिसनार?”

“अरं, तुला दिसून काय करायचंय? पाखरू दिसलं म्हंजी झालं. पाव्हण्यांस्नी न्याहारीला जायाचं हाय.”

एक पाव्हणा हसला. “म्हातारबुवा थंडीला घाबरले वाटतं.”

मी भिंतीआडून उठून पुढं आलो आणि आबांना म्हणालो, की तात्यांना ताप आहे, ऊन येईपर्यंत थांबा. आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “तू पाखरं मोज,” म्हणाले. तात्यांनी मला हातानं गप्प केलं. “ऱ्हाऊ दे बाबा. जाळं बंद झालं तर तुजी दुर्बीण खाऊ का?” आणि ते उतरले. गुडघ्याएवढ्या पाण्यात गेल्यावर त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कण्हण्याचा होता. मग धुकं त्यांच्यामागं मिटलं.

उठलेली पाखरं तळ्यावर घिरटी घालून परत उतरतात, हे पाव्हण्यांना ठाऊक होतं. ते बंदुका भरून उभे होते. धुक्याला एक फट पडली आणि पाण्यावर तीन काळे गोल दिसले. मी ओरडलो, “माणूस हाय!” पण बोट चापावर होतं, ते थांबलं नाही.

एक भोपळा फुटला. छर्रे तात्यांच्या कपाळात, गालात आणि उजव्या डोळ्यात गेले. मी आणि आरोळी ऐकून धावत आलेला तात्यांचा धाकटा भाऊ पाण्यात उतरलो आणि त्यांना काठावर आणलं. जीप तिथंच उभी होती. आबा म्हणाले, “बैलगाडी जुंपा. जीपमदी रगत सांडंल, पाव्हण्यांची हाय.” जीप मळ्याकडे गेली. आम्ही बैलगाडीनं बारामतीची वाट धरली. रस्ताभर तात्या एकच विचारत होते, “सांगड आणली का रं? सांगड?” बारामती आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. डॉक्टरांनी डोळा वाचणार नाही म्हणून सांगितलं, आणि तो वाचला नाही.

संध्याकाळी आबांच्या गड्यानं तात्यांच्या घरी दोन बदकं आणून दिली. करीचा वाटा म्हणून! काकूंनी, तात्यांच्या बायकोनं, ती त्याच्या अंगावर फेकली. “तुज्या आबाला म्हनावं, डोळा शिजवून खा,” म्हणाल्या. गावात काकूंच्या तोंडाळपणाची चर्चा आठवडाभर पुरली. पाव्हण्याच्या नेमाची एक दिवसही झाली नाही.

मग चावडीवर बैठक झाली. मला वाटलं, आता कुणीतरी विचारील. विचारलं ते असं : करीच्या दिवशी पाण्यात उतरावंच कशाला? एवढं धुकं दिसत असताना गेलाच का? आणि शेवटी एका वडीलधाऱ्यानं घसा खाकरून खरं कारण शोधून काढलं. “भोपळं काळं पडल्यालं व्हतं. बदकावानी दिसलं. हितनं फुडं सांगडीला चुना लावायचा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव झाला. बंदुकीबद्दल ठराव नाही, उतरवणाऱ्याबद्दल नाही. भोपळ्यांना चुना! आणि तात्यांना आता एका डोळ्यानं अंदाज येत नाही, तेव्हा पुढच्या खेपेला धाकट्या भावानं उतरावं, नाहीतर घराचं जाळं बंद.

मी अजून तळ्यावर जातो. पण धुक्यात काळा ठिपका दिसला की पहिल्यासारखा जीव हरखत नाही. पाखरू आहे की माणूस, हे आधी दोनदा बघतो. परवा तात्यांच्या दारावरून गेलो तर ते अंगणात बसून नव्या भोपळ्यांना चुना लावत होते. एक हात देऊन झाला होता, दुसरा चालू होता. कुठं राहिलं का, हे बोटांनी चाचपून बघत होते. भाऊ शेजारी चुन्याचं भांडं धरून उभा होता. “पातळ बसलाय,” तात्या त्याला म्हणाले, “आजून येक हात देतो. लांबनं दिसाय पायजे.”

येत्या करीला पाव्हणे पुन्हा येणार आहेत. आबांच्या मळ्यात तयारी चालू आहे. तुम्ही आमच्या गावचे असा नाहीतर लोणी भापकरचे, बारामतीचे असा नाहीतर इंदापूरचे. हे वाचून हळहळू नका, हळहळ चावडीवर भरपूर आहे. त्या सकाळी उजाडायच्या आत बांधावर या. आबा ‘उतर’ म्हणाले की तात्यांच्या भावाच्या पुढं उभे राहा, आणि त्याला उतरू देऊ नका.