कोनी मरत तं नाही ना?

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या माझ्या वाचनालयात अँब्युलन्सचे एक ड्रायव्हर यायचे. पुस्तक घेण्याआधी विचारायचे, "कोनी मरत तं नाही ना याच्यात, भाऊ?" त्यांना गोष्टीत लोणची घालणाऱ्या चेटकिणी, चहा विकणारे राक्षस लागत. "लढाया नको मले. राक्षसाचा चहा उतू गेला, एवढं संकट बस झालं," म्हणायचे.

एकदा मी न वाचताच एक पुस्तक दिलं. त्यात शेवटी म्हातारा राक्षस मरत होता. त्यांनी ते परत केलं. नंतर मी उघडलं, तर शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता: "राक्षसाले वेळेवर दवाखान्यात नेलं. तो बरा झाला."

पुस्तक खराब केलं म्हणून बोलायला हवं होतं. मी कागदाची सुटलेली कड डिंकाने चिकटवली आणि पुस्तक फळीवर ठेवलं.