आठ मिनिटांचे सरगुंडे

दादाला मी शेवटचं भेटले ते देवळीला, त्याच्या स्वयंपाकघरात. दाराशी खाट टाकून तो पडला होता आणि मी गॅसपाशी. त्याचा निरोप आला म्हणून सिंदीहून बसने गेले होते. "सुमीले म्हणा, सरगुंडे करून खाऊ घालजो. आठ मिनिटांचे." डॉक्टरांनी मऊ खायला सांगितलेलं, वहिनीचा जीव टांगणीला लागलेला, आणि मी मेली अतिशहाणी... घड्याळाकडे न पाहता चांगले शिजू दिले. दादाने दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला सारली. "मऊ झाले, सुमे. पुढच्या वेळी आठच ठेवजो." मी हो म्हटलं. पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला.

दादाला जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणारे दादाच्या हुशारीच्या, कडक शिस्तीच्या गोष्टी सांगतात. मला मात्र ती आठ मिनिटं जेवू देत नाहीत.

आमच्याकडे सरगुंडे म्हणजे उन्हाळ्याचं काम. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, सोडवून वाळवायची आणि मऊ शिजवून आमरसाशी खायची. दादाचे सरगुंडे होते इटलीचे. सूतगिरणीत तो यंत्रांवर होता. बहात्तर साली गिरणीने त्याला सहा महिने तिकडे शिकायला पाठवायचं ठरवलं आणि घरात वाद पेटला. हा तिथे काय खाईल, कशाकशाला हात लावेल, ही बाबांची धास्ती. "गेला तं माह्या पंगतीले बसू नको," असं त्यांनी एकदाच सांगितलं. दादा गेला. परत आला तेव्हा बाबांनी शब्द खरा केला. ते ओसरीवर जेवायचे, दादा नंतर आत. बोलणं आईमार्फत. "त्याले सांग, सायकलीत हवा नाई." आणि तो चार हातांवर उभा! असे तीन महिने गेले. 

मग दादाने नागपूरची नोकरी पक्की केली. माळ्यावरची ट्रंक खाली काढली, भरली आणि दारापाशी ठेवली. आईला म्हणाला, "या रविवारी मी रांधतो. बाबा माह्यासंग जेवले तं राह्यतो. नाई तं सोमवारच्या गाडीनं जातो." आईने हे बाबांना सांगितलं की नाही, ते तिने मला कधीच सांगितलं नाही.

रविवारी दादाने चूल ताब्यात घेतली. बन्सी गव्हाचा रवा कोमट पाण्यात मळला आणि आईकडे तिच्या काड्या मागितल्या. त्याची तिथली घरमालकीण विणायच्या सुईवर कणीक गुंडाळायची म्हणे. आई बघतच राहिली. "अरे, हे तं आपले सरगुंडेच हायेत की!" तीन महिन्यांत दादा पहिल्यांदा हसला. औषधाच्या दुकानातून आणलेल्या ऑलिव्हच्या तेलात त्याने लसूण परतला, टमाटे शिजवले, वरून परसातल्या सब्जाची पानं तोडून टाकली. चीज कुठलं मिळायला? पण तिथली साधी माणसं पावाचा चुरा तेलात तळून घालतात, तसा त्याने टोस्टचा चुरा केला. एकही गोष्ट स्वतःच्या मनाची नाही, सगळं तिथल्यासारखं. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "आठ मिनिटं, सुमे. एक सेकंद जास्त नाई."

पाणी खदखदत होतं. ओसरीवर बाबांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. आईने एक सरगुंडा दाबून पाहिला आणि घाबरली. "कच्चे हायेत रे, पोट दुखन त्याइचं." दादा म्हणाला, "नाई आई, हे असेच असतात." मी "झाले" म्हटलं आणि त्याने भांडं उतरवलं.

त्याने ओसरीवर दोन पाट मांडले, समोरासमोर. बाबांनी दोन्ही ताटं पाहिली. "यात अंडं हाय का?" हे आईला.

"नाई बाबा. रवा अन् पाणी," दादाने परस्पर सांगितलं.

बाबा बराच वेळ उभे होते. माझ्या हातात अजून ते घड्याळ होतं आणि त्याची टिकटिक मला ऐकू येत होती. मग ते बसले. खाली मान घालून, एकेक सरगुंडा सावकाश चावून, त्यांनी ताट स्वच्छ केलं. आईकडे वळून "त्याले सांग..." म्हणाले आणि थांबले. मग सरळ दादाकडे पाहिलं. "कच्चे राह्यले. पुढच्या रविवारी दोन मिनिटं जास्त ठेवजो."

शर्टाची कॉलर पसंत पडेना म्हणून शिंप्याला दोनदा उसवायला लावणारा माझा भाऊ... एवढंच म्हणाला, "हो बाबा." संध्याकाळी ट्रंक माळ्यावर गेली.

त्यानंतर आमच्या घरी सरगुंडे दहा मिनिटांचेच झाले. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हा मी दादाला म्हटलं, आता कर की तुझ्या पद्धतीने. "राहू दे," म्हणाला, "हात बसला हाय." मला ते खरंच वाटलं. म्हणून शेवटी त्याने तोंडाने आठ म्हटलं, तरी मला कळलं नाही. त्याने माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि तेवढंही मी दिलं नाही.

वहिनीने आईच्या काड्या आणि दादाचं घड्याळ माझ्याकडे दिलंय. गेल्या रविवारी मी बन्सीचा रवा मळला. घड्याळ ओट्यावर समोर ठेवलं, आठव्या मिनिटाला गॅस बंद केला आणि उभ्या उभ्याच एक सरगुंडा तोंडात टाकला. आतून किंचित कडक, दाताला लागणारा. असे सरगुंडे मी सतरा वर्षांपूर्वी एकदाच खाल्ले होते, त्या रविवारी. दादानेही त्यानंतर कधी खाल्ले नाहीत.