मामांची मशीनरूम

माझे मामा बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होते. बटाट्यांची ते जेवढी काळजी घेत, तेवढी घरच्या माणसांची घेतली असती तर मला हे सगळं सांगत बसावं लागलं नसतं.

मी तेव्हा नोकरीसाठी मामा-मामींकडे राहत होते. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. मामा दिवसभर कामावर स्वेटर घालून वावरायचे आणि संध्याकाळी घरी आले की आधी स्वेटर, मग शर्ट काढून छताच्या नावाने बोटं मोडायचे. छताचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर आम्हाला शेकायचा. गच्चीवर काही करावं तर गच्ची सोसायटीची. तिला पांढरा रंग द्यावा की देऊ नये, यावर सोसायटीच्या बैठका चालू होत्या. माझं लग्न होऊन मी त्या घरातून निघाले, तेव्हाही त्या चालूच होत्या.

शेवटी मामांनी आतूनच काम काढलं. कोल्ड स्टोरेजची एक जुनी खोली मोडीत निघाली, तेव्हा तिच्या भिंतींतले थर्मोकोलचे जाड तक्ते त्यांनी मालकांना विचारून घरी आणले. हॉलच्या छताला लाकडी पट्ट्या ठोकल्या, त्यांच्यात तक्ते बसवले, खाली चंदेरी फॉइल ताणली आणि त्याखाली जिप्समचे बोर्ड मारले. फटी फोमने बुजवल्या. खोटं कशाला बोलू, काम झकास झालं होतं. भर दुपारी हॉलमध्ये पाऊल टाकलं की जिवाला बरं वाटायचं.

पण तेवढ्यावर थांबले तर ते मामा कसले? त्यांनी हॉलच्या दाराला कोल्ड स्टोरेजला असतात तशा प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या लोंबत्या लावल्या. पाहुणा त्या तोंडावरून सारत, चष्मा सावरत आत यायचा. आला की मामा त्याला स्टुलावर चढवून छताला हात लावायला लावायचे. गुडघे दुखतात म्हणणाऱ्यांनाही सूट नव्हती. पाहुणा "वा, गार आहे हो" म्हणेपर्यंत चहा येत नसे. आणि कोणी दार जरा उघडं ठेवलं की मामांचं ठरलेलं वाक्य यायचं, "दार लावा. गारवा बाहेर चाललाय."

हा चहा जिथून यायचा, त्या स्वयंपाकघराचं छत मात्र तसंच उघडं होतं. मामींचा अर्धा दिवस त्या छताखाली जायचा. समोर शेगडी, डोक्यावर स्लॅब. एवढं एक छत करून द्या, असं त्या दर उन्हाळ्यात सांगायच्या. पहिल्या उन्हाळ्यात मामा म्हणाले, तक्ते संपले. दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणाले, शेगडीवर थर्मोकोल नको, पेट घेईल. ते खरंच होतं, पण काचेच्या तंतूंचा, न पेटणारा ग्लासवूल बाजारात मिळतो, हेही मला त्यांनीच एकदा ऐटीत सांगितलं होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात सबबी संपल्या, तेव्हा त्यांनी सिद्धांत मांडला.

"कोल्ड स्टोरेजमध्ये मशीनरूम गरमच असते," ते म्हणाले. "तिच्या छताला कोणी थर्मोकोल मारतं का? एकीकडे गारवा हवा तर दुसरीकडे उष्णता सोसावी लागते. स्वयंपाकघर म्हणजे आपली मशीनरूम."

मामी मानेवरचं घामोळं चोळत आत गेल्या. मला मामांचा भयंकर राग आला. एवढी अक्कल असलेला माणूस ती अशी वापरतो, याचाच जास्त.

त्याच महिन्यात मामी शेगडीपाशी चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी बजावलं, अशा उकाड्यात उभं राहून काम करायचं नाही, पुन्हा पडलात तर निभावेलच असं नाही. मामा हादरले, हे मला दिसत होतं. त्यांनी तातडीने पावलं उचलली. स्वयंपाकघरात थर्मामीटर टांगला. म्हणजे आत नेमकं किती गरम होतं, ते सगळ्यांना नीट कळावं.

मग कोल्ड स्टोरेजच्या मालकांनी हॉल बघायला यायचं कबूल केलं. त्यांचं नवं घर बांधून होत होतं आणि छताचं काम मामांच्या पद्धतीने करावं, असं त्यांच्या मनात होतं. मामांना आभाळ ठेंगणं झालं. रविवारी त्यांना जेवायलाच बोलावलंय, जरा चार पदार्थ जास्त कर, असं त्यांनी मामींना सांगितलं आणि त्या सकाळी ते मालकांना आणायला गेले.

जिना उतरणाऱ्या मामांच्या पावलांचा आवाज विरला तशा मामी मला म्हणाल्या, "ती बाजू धर."

आम्ही दोघींनी शेगडी उचलून हॉलमधल्या टेबलावर ठेवली. सिलिंडर मी फिरवत फिरवत आणला. ज्योत हलायला नको म्हणून मामींनी पंखा बंद केला, कढई ठेवली आणि निवांत कांदा परतायला घेतला. त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

मालक पट्ट्या सारत आत आले, त्यांच्यामागून मामा. स्टूल जिथे ठेवायचं तिथे आता टेबल होतं.

"अगं, हे काय?" मामा दबक्या आवाजात म्हणाले.

"मशीनरूम इकडे हलवली," मामी म्हणाल्या. "तिकडे मला चक्कर येते. साहेबांना तिकडे बसवा."

मामांनी कसनुसं हसून मालकांना स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. मी पाणी घेऊन गेले, तेव्हा मालकांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते थर्मामीटरकडे बघत होते. ही खोली अशी कशी, असं त्यांनी विचारलं आणि मामांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ही आपली मशीनरूम, साहेब."

मालकांनी मान पुसली. "मशीनरूममधल्या माणसाला तासातासाने बाहेर काढायचं, नाहीतर तो कोसळतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. इथे ड्यूटीवर कोण असतं?"

हॉलमधून मामींचा आवाज आला. "ड्यूटी बदलायला कोणी येईना, म्हणून मीच बाहेर आले."

मालक हॉलमध्ये पोटभर जेवले. छताचं त्यांनी मनापासून कौतुकही केलं. मामा मात्र ताटातल्या भातात बोट फिरवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मामांनी रजा टाकली आणि ग्लासवूलचे गठ्ठे आणले. स्वयंपाकघरात शिडीवर चढून, मान मोडेस्तोवर वर करून त्यांनी काम सुरू केलं. ग्लासवूलचे बारीक तंतू घामात रुतायचे आणि अंगाला खाज सुटायची. दुपारी ते हॉलच्या दाराशी आले. हात लालबुंद, केसांत भुसा, चेहरा उतरलेला. मामी सोफ्यावर पाय वर घेऊन वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी उठून मामांना पाणी दिलं, हाताला लावायला खोबरेल दिलं, आणि परत जाऊन बसल्या.

मामा उंबऱ्यातच पट्ट्या हातात धरून उभे राहिले. एक पाऊल आत टाकलं, परत मागे घेतलं.

मामींनी पान उलटलं. "दार लावा," त्या म्हणाल्या. "गारवा बाहेर चाललाय."