आतोबांची बदली

आहे त्या जागी राहिलेली एकही वस्तू आमच्या आतोबांना बघवत नसे. हिमालय त्यांच्या हाती लागला नाही म्हणून तो अजून उत्तरेला आहे, नाहीतर त्यांनी तो केव्हाच कळव्याच्या खाडीपाशी आणून ठेवला असता आणि वर म्हणाले असते, "बघ, आता त्यालाही कसं मोकळं वाटतंय!" आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ठाण्याच्या कचेरीत ते कारकून होते. कोणाची बदली कुठे झाली त्याचे हुकूम वळणदार अक्षरात लिहायचे आणि साहेबापुढे सहीला सरकवायचे, हेच त्यांचे काम. वीस वर्षे माणसे इकडची तिकडे पाठवून त्यांच्या बोटांना जी खाज लागली होती ती घरी आल्यावरही थांबत नसे. मी गोष्ट सांगताना मीठ जरा जास्त घालतो असे घरचे म्हणतात, पण आतोबांच्या बाबतीत मी हात आखडूनच सांगतो आहे.

जेवायला ते वरणभाताला एका पाटावर बसत, पोळीला दुसऱ्या आणि ताकाला थेट ओटीवर. आत्या ताट घेऊन मागे मागे. "अहो, पाटावर निखारे ठेवलेत का मी?" ती विचारी. "अगं, ताकाला वारा लागतो," असे उत्तर येई. समोरच्या घरचा आचारी तिखटाचा, मागच्या घरचा गुळाचा. आतोबांनी मध्यस्थी करून दोघांची अदलाबदल घडवली. तिसऱ्या दिवशी दोन्ही घरांतल्या सासवा जन्मात पहिल्यांदाच आपापल्या सुनांचा हात धरून आमच्या अंगणात भांडायला आल्या. घरचे मांजर आळशी म्हणून त्यांनी ते गवळ्याच्या मांजराशी बदलले. आठवड्याच्या आत दोन्ही मांजरे आपापल्या घरी परत! आतोबांनी त्यांना रीतसर ठपका दिला. मी ऐकला आहे. "वरिष्ठांच्या हुकमाची अवज्ञा" असे त्यात शब्द होते आणि मांजर जांभई देत होते.

अशा माणसाच्या वाटेत देवाने पायगाड्या आणून सोडल्या. हल्ली लोक सायकल म्हणतात ना, तीच. मुंबईहून त्या नव्याने आल्या आणि ठाण्याच्या एका बड्या वकीलसाहेबांनी सहा घेतल्या. ते ऐकून कल्याणच्या भाताच्या शेठने सात घेतल्या. एवढ्या गाड्यांवर बसायचे कोणी? स्वतः वकीलसाहेब बसले असते तर गाडीने राजीनामा दिला असता. तेव्हा दोघांनी पैलवान पदरी ठेवावेत तसे गडी ठेवले. गड्याला खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम. डोक्याला मालकाच्या रंगाचे पागोटे, ठाण्याचे पांढरे, कल्याणचे तांबडे. आणि वर्षातून एकदा, रथसप्तमीच्या सकाळी, कळव्यापासून मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून शीळ, मानपाडा, डोंबिवलीवरून कल्याणच्या तळ्याच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, शर्यत. गडी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जायचा तो विडा खाऊन. नव्या मालकाने चार माणसांत विडा पुढे करायचा, गड्याने तो तोंडात घातला की तो त्याचा. मग आधीच्या मालकाने तोंड वाकडे करायचे नाही, अशी रीत.

आतोबांना पायगाडीवर बसता येत नव्हते. एकदा बसले होते. ठाण्याच्या तळ्यातून त्यांना बाहेर काढले. पण कोणता गडी कोणाकडे जावा हे जगात त्यांच्याइतके कोणाला कळत नाही असा त्यांचा दावा, आणि वकीलसाहेबांना तो पटलेला. मी तेव्हा मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटून रिकामा असल्यामुळे आतोबांचा कारभारी. दिवसभर माझा पिच्छा पुरवीत: "सांग, गेल्या पाच वर्षांतली सर्वांत उत्तम बदली कोणती?" मी काही सांगितले की, "छट्! गाढवा, ती तर सर्वांत वाईट!"

शेठच्या पदरी कळव्याच्या मिठागरातले दोन आगरी भाऊ होते, थोरला धर्मा आणि धाकटा गोमा. तीन रथसप्तम्या गोमाच पहिला आला होता. धर्मा दुसरा नाही, तिसरा नाही, कुठेतरी मागून धापा टाकीत यायचा. शर्यत हरून हरून वकीलसाहेब कंटाळले आणि म्हणाले, "यंदा हरलो तर गाड्या सहा जावयांना वाटून टाकतो. पुरे हा तमाशा." आतोबांचा चेहरा उतरला. गाड्या जावयांकडे गेल्या तर उरलेल्या जन्मात त्यांना फक्त मांजरे उरत होती. ते तडक कळव्याला गेले, गोमाला गाठले आणि वकीलसाहेबांच्या पत्रिकेशी त्याची पत्रिका जुळवायला बसले. गोमाला पत्रिका नव्हती.

"जन्म केव्हाचा रे?"

"भरतीचे वक्ताला, काका."

"कुठली भरती?"

"मोठी."

एवढ्या आधारावर आतोबांनी पत्रिका मांडली आणि छत्तीसपैकी तेहतीस गुण जुळवले. एवढे त्यांचे आणि आत्याचेही जुळले नव्हते. गोमाने विडा खाल्ला, पांढरे पागोटे बांधले आणि आतोबा महिनाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

मग सराव सुरू झाला. शीळ ओलांडली की पहाटेचा मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, समोरून असा अंगावर येतो की पागोटे धरावे की दात धरावेत ते कळत नाही. गोमा तिथवर बाणासारखा जाई आणि तिथून पुढे मुंगीसारखा. मध्येच मान वळवून मागे-पुढे बघे, जणू काही विसरले आहे. आतोबांनी तूप दुप्पट केले. गोमा जाड झाला, वेग तोच. तिकडे शेठकडे धर्माची निराळीच गत. तो मान खाली घालून सुटे तो थांबायचे कुठे हेच त्याला कळेना. एकदा तळे ओलांडून पार दुर्गाडीच्या बंदरावर पोचला आणि होडीवाल्याने अडवला म्हणून थांबला, नाहीतर भिवंडीला सापडला असता.

शेवटी आतोबा धर्मालाच विचारायला गेले. तो मिठाची रास ओढत होता. हात न थांबवता म्हणाला, "काका, मी पुरं वारा फोरतो, गोमा माजे पाठी दरून रेतो. तल्याची पाल दिसली का मी बाजूला व्हतो, मंग तो सुटतो. तुमी जोरी फोरलीव. एकला बैल घेऊन कोन गारी हाकतो का?"

सगळे कळवे बैल जोडीने घेते. एक बैल घेणाऱ्याला तिथली पोरेसोरेही हसतात. आणि आतोबांनी कचेरीच्या रिवाजाप्रमाणे पहिला आलेला तेवढा उचलला होता! परतताना ते गाडीत एकदाही जागा बदलून बसले नाहीत. मी घाबरून त्यांची नाडी बघितली.

रथसप्तमीला दहा दिवस उरले होते. आतोबा मला घेऊन शेठच्या पेढीवर गेले. शेठ लोडाला टेकून हसत होता. "धर्मा पाहिजे? घेऊन जा की! जन्मात एकदा पहिला आलेला नाही तो. पण रीत आहे. शर्यत महिन्यावर आली की नुसत्या विड्याने गडी सुटत नाही, गडी दिला तर गडी पाहिजे."

"आमच्यातला कोणताही घ्या," आतोबा म्हणाले.

"कोणताही?" शेठ पुढे सरकला. "मग तुम्हीच या. ज्याने माझ्याकडून गोमा नेला तो माणूस मला माझ्या बाजूला पाहिजे." आणि त्याने विडा पुढे केला.

पेढीवरची चार माणसे बघत राहिली. मी आतोबांचा सदरा ओढला. "आतोबा, चला. विचार करून सांगू." त्यांनी माझा हात बाजूला केला, विडा तोंडात घातला आणि शांतपणे चावू लागले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी कल्याणच्या मामलेदार कचेरीत बदलीचा एक हुकूम लिहिला. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यावर स्वतःचे नाव होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्या अक्षराला शाईचा डाग पडला. साहेबाने सही केली. घरी आत्या तुळस उपटून मडक्यात लावीत होती. "तुम्ही विडा खाल्लात," ती म्हणाली, "आणि माझी बदली कोणत्या पानावर झाली? मला सुपारीसुद्धा कोणी विचारली नाही!" पण मडके तिने स्वतःच मांडीवर घेतले आणि कल्याणपर्यंत कोणाला धरू दिले नाही.

रथसप्तमीला आतोबा तांबडे पागोटे घालून तळ्याच्या पाळीवर शेठशेजारी उभे होते. एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. तेवढ्या पावलांत माणूस नाशकाला पोचला असता. मी पलीकडे पांढऱ्या पागोट्यांत. आधी धूळ दिसली. मग धुळीतून धर्मा, मान खाली, वाऱ्याला खांदा लावून. आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटून गोमा. दहा हात मागे कल्याणचे दोन गडी. पाळ दिसताच धर्मा बाजूला झाला. गोमा असा सुटला की तळ्यातली बदके उडाली, पाणीही थोडे उडाले असे माझे मत आहे. ठाणे जिंकले. कल्याणच्या माणसाने अशा वेळी हळहळायचे असते. आतोबांनी दोन्ही हात आभाळाकडे फेकले आणि "अरेरे! अरेरे! अरेरे!" अशी गर्जना केली. इतक्या आनंदाने 'अरेरे' म्हणणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. शेठने त्यांच्याकडे रोखून पाहिले. आतोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, तेव्हा त्याला ते खरे वाटले.

जावयांना गाड्या मिळाल्या नाहीत. शेठला मात्र आतोबांचा काही उपयोग झाला नाही. त्यांनी त्याची चाकरी इमानाने केली, चांगले गडी आणले, पण कळव्याच्या जोडीला बोट लावले नाही. "ती सोडून काहीही मागा," म्हणत.

काही वर्षांनी शेठ वारला, त्याच्या मुलांनी पायगाड्या विकल्या. वकीलसाहेबांनी मला कल्याणला पाठवले. संध्याकाळची वेळ होती. आतोबा तळ्याच्या पाळीवर पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. आत्या म्हणाली, "रोज असेच बसतात. हलवून बघ, हलत नाहीत."

"आतोबा, वकीलसाहेब परत बोलावतात," मी म्हणालो.

"विडा खाल्लाय रे."

"अहो, तो पचूनही सात वर्षं झाली! शेठ राहिला नाही, गाड्या राहिल्या नाहीत."

"मी राहिलोय ना," ते म्हणाले.

मी शेजारी बसलो. ज्या माणसाने एका पाटावर कधी जेवण पुरे केले नाही तो घटकाभर तसाच बसून होता. मग पश्चिमेकडून वारा आला, खाडीवरचा, मुंब्र्याचा डोंगर ओलांडून. आतोबांनी उपरणे बाजूला केले आणि छातीवर तो घेतला.

"कळव्याचं मीठ आहे बघ यात," ते म्हणाले. "लागलं?"

मी ओठांवरून जीभ फिरवली. काही लागले नाही.

"लागलं, आतोबा," मी म्हणालो. "चांगलं खारट आहे."