काडीवरचा सूर

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत गेल्या काही वर्षांत जेवढी लग्नं लागली, त्यातलं एकही लग्न आमच्या साडूंशिवाय नाचलेलं नाही, आणि एवढ्या लग्नांत मिळून या गृहस्थाने दोन घास सुखाने खाल्लेले नाहीत. पान वाढलं की यांना सूर सुचतो. हात धुवायला म्हणून उठतात ते थेट कीबोर्डपाशी. साखरशेत गावी भात आणि नाचणीची शेती, घरी दोन बैल, आणि तिसरं जनावर म्हणजे हा कीबोर्ड, अशी माझी मेहुणी वैतागून सांगते. तिचा वैताग खरा आहे. बैलांना पावसात गोठा गळका असला तरी चालतो, कीबोर्डवर मात्र तिचं लग्नातलं लुगडं पांघरलेलं असतं. एसटीत बसले की हे यंत्र खिडकीशी आणि स्वतः कडेला. एकदा जव्हार डेपोवर कंडक्टरने विचारलं, "खिडकीशी कोण बसलंय?" तर म्हणाले, "तिला आतल्या बाजूला कोंडल्यासारखं होतं." कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी शाळामास्तर माणूस, चारचौघांत अब्रू जपायची असते, मी बाहेरचा डोंगर बघत बसलो.

पण त्यांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा म्हणजे माचिस. आमचे साडू विडी ओढत नाहीत, चूल पेटवायचं तर त्यांना कुणी सांगत नाही, आणि तरी सदऱ्याच्या खिशात माचिसची भरलेली पेटी चोवीस तास. त्यातून कुणी काडी मागितली की संपलंच. मोखाड्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याने विडीसाठी काडी मागितली, तर खिशावर हात दाबून म्हणाले, "नाय देणार. वाजवायची हाय." म्हातारा आजही मला भेटला की विचारतो, "गुरुजी, तुमचा साडू बरा हाय ना?" भानगड अशी की आमच्या तारप्याचा, म्हणजे भोपळ्याला मेणाने नळ्या जोडलेल्या फुंकवाद्याचा, खालचा सूर एकसारखा घुमत राहतो. वाजवणारा गाल फुगवून वारा आत साठवतो, नाकाने श्वास घेतो, पण सूर तुटू देत नाही. तो घुमणारा सूर कीबोर्डवर आणायचा, तर एक पट्टी सतत दाबून ठेवायला हवी. दोन्ही हात तर नाचाच्या चालीत गुंतलेले. म्हणून हे पट्टीच्या फटीत काडी खोचतात. पट्टी दबलेली राहते, सूर घुमत राहतो. काडी न जळलेलीच लागते, जळलेली मऊ पडते आणि पट्टी उठते. हे ज्ञान त्यांनी मला इतक्यांदा दिलंय की मी परीक्षेत लिहू शकेन.

काडी खोचलेल्या या सुरावर त्यांनी जे गाणं बांधलं, ते म्हणजे आमच्या भागात दुमदुमलेलं "पाय टाक". आता मोबाईलच्या दुकानांत, जीपमध्ये, हळदीच्या मांडवात, कुठेही जा, ते वाजतंच. त्याचा जन्म माझ्या डोळ्यांसमोर झाला, आणि त्यात माझाही थोडा हात आहे. हात नव्हे, पाय. ठाण्याच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग ठरलं. सोबतीला मेहुणी, माझी बायको आणि पिशव्या उचलायला मी. काचेपलीकडच्या पोराने सांगितलं, "काका, तीन मिनिटं वाजवा और बस." साडूंनी काडी खोचली, सुरुवात केली, आणि पंधरा मिनिटं झाली तरी एकच चाल घोळवत राहिले. पोरगा हातवारे करून दमला. शेवटी आत येऊन म्हणाला, "काका, चाल बदलो ना!" साडू गोंधळून म्हणाले, "नाचणाऱ्यांचे पाय जड झाले की चाल बदलायची. इथं कुणाचे पाय बघू?" आणि त्यात चूक काय? आमच्याकडे तारपेवाला पुढे, नाचणारे मागे, त्याला पाठ न दाखवता फिरणारे. तो त्यांचे पाय ऐकतो, ते त्याचा सूर ऐकतात. रिकाम्या खोलीत वाजवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मग काय, त्या कोंदट खोलीत, गालिच्यावरून, एकमेकांच्या कमरेत हात घालून आम्ही तिघे नाचलो. गालिचा बाजूला सरकला, लाकडी फरशीवर पाय आपटू लागले, आणि माईक सगळं टिपत राहिला. बायको आणि मेहुणी लहानपणापासून नाचलेल्या. माझा पाय मात्र दर खेपेला किंचित उशिरा पडायचा. पोरगा म्हणाला, हे काढून टाकतो. साडू म्हणाले, "हात लावायचा नाय. माणसं नाचतायत ती."

त्या धपधपीनेच गाणं चाललं! दुसऱ्यांनी त्याच्या स्वच्छ, चकचकीत नकला काढल्या, त्या कुणी दोनदा ऐकल्या नाहीत. आणि तो उशिरा पडणारा पाय तर फॅशनच झाला. आमच्या शाळेतली पोरंसुद्धा नाचताना मुद्दाम पाय मागे ठेवून टाकतात. मी त्यांना सांगितलं की बाबांनो, तो पाय माझा आहे. एकानेही विश्वास ठेवला नाही.

एवढं सगळं झालं, पण साडूंना जे हवं होतं ते मिळेना. त्यांचे वडील, आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायचो, पंचक्रोशीतले नावाजलेले तारपेवाले. कीबोर्ड आला आणि बाबांना लग्नांची बोलावणी बंद झाली. तारपा कुडाला टांगला गेला तो गेलाच. पोराने कीबोर्ड घेतल्याचा बाबांना राग नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, "तुझी सुराची पेटी कदी दमते का? जो दमत नाय, त्याच्यामागं मी पाय टाकायचा नाय." आणि खरंच, पोरगा वाजवू लागला की बाबा उठून शेताच्या बांधावर जाऊन बसायचे. साडूंचा जीव त्यात अडकला होता. गाणं सगळीकडे वाजलं तेव्हा मी कौतुक करायला गेलो, तर म्हणाले, "गुरुजी, सगळा तालुका नाचला. बाबा बांधावरच हाये." नंतर बाबांनी ते गाणं कुणाच्या तरी मोबाईलवर ऐकलं आणि फक्त विचारलं, "यो पाय कोणाचा चुकला?" मी तिथून हळूच सटकलो.

गेल्या उन्हाळ्यात साडूंच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात साडूंनी काडी खोचून "पाय टाक" सुरू केलं, आणि सवयीने बांधाकडे बघितलं. बांध रिकामा होता. बाबा घरातून बाहेर येत होते, हातात तारपा. इतक्या वर्षांत त्याच्या सांध्यांतलं मेण तडकलं होतं, एक नळी हलत होती. ते सरळ लेकापाशी आले आणि म्हणाले, "मेण तापवायचं हाय. काडी दे."

मांडवात निदान वीस विड्या पेटलेल्या होत्या. साडूंच्या खिशात भरलेली पेटी होती. पण त्या क्षणी त्यांना काहीच सुचलं नाही. त्यांनी पट्टीतली काडी उपसली आणि बाबांच्या हातावर ठेवली. सूर तुटला, नाचणारे जागच्या जागी थांबले. बाबांनी लेकाच्या खिशातली पेटी स्वतःच काढली, काडी ओढली, मेण तापवून अंगठ्याने दाबलं, नळी बसवली. मग नातीकडे एकदा बघितलं आणि तारपा तोंडाला लावला.

काय वाजले हो बाबा! सगळा मांडव त्यांच्या मागे. मी त्यांच्या अगदी जवळ, नेहमीसारखा पाय उशिरा टाकत. साडू कीबोर्डपाशी उभे राहून बारीक आवाजात साथ करत होते. चार-पाच फेऱ्या झाल्या आणि बाबांच्या छातीतला घरघराट मला ऐकू आला. सूर बारीक होत गेला. मी घाबरून साडूंकडे पाहिलं. ते बाबांचे पाय बघत होते. त्यांनी डाव्या हाताची करंगळी त्या पट्टीवर ठेवली आणि दाबली, आवाज हळूहळू वाढवला. बाबांचा सूर संपला तिथेच यांचा सूर घुमू लागला. बाबा गाल फुगवून, तारपा तोंडाला तसाच धरून चालत राहिले. आणखी कितीतरी फेऱ्या झाल्या. मागच्या लोकांना काही कळलं नाही. करंगळी एकदाही उठली नाही. साडू रडत होते आणि वाजवत होते, आणि मला सांगायला लाज नाही, मीही रडत होतो.

नाच थांबल्यावर बाबा खाटेवर टेकले. लेकाला जवळ बोलावून विचारलं, "बोट दुखलं?"

"लय दुखलं, बाबा."

"मग चांगलं वाजवलंस," बाबा म्हणाले आणि पाणी मागितलं.

पावसाळा संपता संपता बाबा गेले. साडू अजून लग्नं वाजवतात, गाणं अजून तेच, माझा पाय त्यात अजून उशिराच पडतो. परवा मोखाड्याच्या बाजारात तो जुना म्हातारा भेटला. साडू माझ्यासोबतच होते. त्यांनी न मागता खिशातून माचिसची पेटी काढली आणि आख्खी त्याच्या हातात ठेवली. म्हातारा पेटीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

जीपमध्ये बसल्यावर मी त्यांची डावी करंगळी बघितली. सुजलेली होती, हळद लावली होती. मी म्हटलं, "अहो, खोचा की काडी. एवढं कशाला दुखवून घ्यायचं?"

मांडीवरचा कीबोर्ड नीट धरून ते म्हणाले, "दुखलं की वाटतं गुरुजी, आता घरी जाऊन बाबांना सांगावं."