राणीसाहेबांचा हिस्सा

पडदा वर जातो तेव्हा औरंगपुऱ्यातल्या एका बोळातली माडीवरची खोली दिसते. भिंतीवर दिवंगत नटांच्या तसबिरी, त्यांना वाळलेले हार. मधोमध टेबलावर नवा कॉम्प्युटर, त्याला हळदकुंकू लावलेलं. समोर कलावंत साहाय्य मंडळाची कमिटी. आणि बाजूला लाकडी खुर्चीत, टोपी मांडीवर काढून ठेवलेले, मंडळाचे जुने हिशेबनीस गयासभाई. मी मागच्या खुर्चीत. संवाद सुरू होण्याआधी या माणसाची ओळख करून द्यायला हवी.

गयासभाई पोलीस ॲक्शनच्या साली शहागंजात जन्मले. वडील निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकात नाक्यावर, कारकून होते. राज्य गेलं, नोकरी गेली, आणि त्यांनी दुकानदारांचे हिशेब लिहून घर चालवलं. मुलगा तेच शिकला. बाप उर्दूत लिही, लेक मराठीत, एवढाच फरक. पुढं तो आमच्या नाटक कंपनीच्या तिकीट खिडकीवर आला आणि तिथंच मुरला. पहिला अंक त्यानं जन्मात पाहिला नाही. खिडकी बंद करून येईपर्यंत दुसरा रंगात आलेला असे. मग विंगेत उभा राहून मला विचारायचा, आधी काय झालं? मी दरवेळी वेगळीच कथा सांगायचो. त्याला ते कळायचं, तरी पुढच्या प्रयोगाला विचारायचाच.

कंपनी बुडाली. म्हाताऱ्या, आजारी नटांचे हाल होऊ लागले, म्हणून आम्ही काही जणांनी हे मंडळ काढलं. दर महिन्याला थोडी मदत. पण आमची जमात विचित्र. काल शालू नेसून सिंहासनावर बसलेल्या बाईनं आज हात कसा पसरावा? पहिल्याच बैठकीत ठरलं, मदत घेणाऱ्याचं खरं नाव हिशेबात यायचं नाही. त्यानं गाजवलेल्या भूमिकेचं यायचं. त्यामुळे गयासभाईंच्या हिशेबात सेनापती, दिवाणजी, राणीसाहेब अशी मंडळी महिन्याच्या महिन्याला पैसे घेऊन जात. कोण म्हणजे कोण, हे साऱ्या कमिटीला ठाऊक असे. कुणी विचारत नसे.

राणीसाहेब म्हणजे मनकर्णाबाई. त्या पदमपुऱ्यात मुलगा-सुनेजवळ राहात. घरात त्यांनी सांगून ठेवलं होतं की कंपनीत आपली भागी होती आणि तिचा हिस्सा अजून येतो. त्या हिश्शावर त्यांचं घरातलं वजन टिकून होतं. एक तारखेला गयासभाई सायकलवर जात, ओसरीवर बसत, आणि आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "बाई, कंपनीचा हिस्सा आणलाय." बाई पाकिटाकडे बघतही नसत. म्हणत, "कंपनीला दर वेळी उशीर होतो हो." मग सुनेला चहा टाकायला सांगत. जन्मभर तिकिटं विकलेल्या माणसाच्या वाट्याला ही एकच भूमिका आली होती, आणि ती त्यानं वर्षानुवर्षं चोख केली.

जुनी कमिटी एकेक करून तसबिरींत गेली. नवे अध्यक्ष आप्पासाहेब बँकेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांना मी दोष देणार नाही. कुठल्याशा संस्थेत मेलेल्या माणसांच्या नावावर पैसे उचलल्याचं तेव्हा गाजत होतं. देणगी देणारे कारखानदारही विचारू लागले, आमचा पैसा जातो कुणाला? म्हणून हिशेब कॉम्प्युटरवर आले. प्रत्येक नावापुढं आधार क्रमांक, बँकेचं खातं, मदत थेट खात्यात. यात चूक काही नव्हतं. फक्त राणीसाहेबांना आधार क्रमांक नव्हता.

तर त्या दिवशी आप्पासाहेबांनी विचारलं, या राणीसाहेब कोण?

गयासभाई म्हणाले, "जबान दिलीय साहेब. नाव नाय सांगता येणार."

"तुमच्याच घरी तर राज्य करत नाहीत ना?" एक मेंबर म्हणाला, आणि खोलीत हशा पिकला. रंगभूमीवर मी पुष्कळ हशे घेतले, पण इतका लागलेला हशा दुसरा नाही. मी उठलो. आवाज गेल्यावर काही वर्षं दिवाणजी म्हणून पैसे घेणारा मी, असं सांगून टाकलं. सेनापतींनीही पुढच्या आठवड्यात येऊन अंगठा दिला. राहिल्या राणीसाहेब. आप्पासाहेब समजुतीनं म्हणाले, बाईंची एक सही आणा, सगळं मिटेल. नाहीतर ऑडिटर ती रक्कम तुमच्या अंगावर टाकतील.

आम्ही दोघं पदमपुऱ्याला गेलो. बाईंनी चष्मा लावून अर्ज वाचला. वरच मोठ्या अक्षरांत होतं, निराधार वृद्ध कलावंत. खाली घरच्या माणसाची सही लागणार होती. आत सून भाकरी थापत होती.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "गयासभाई, मी निराधार कधी झाले?"

त्यांनी अर्जाची घडी घालून परत दिली आणि चहाला थांबायचा आग्रह केला. रस्त्यात मी म्हणालो, मीच सांगतो कमिटीला. गयासभाईंनी सायकल थांबवली आणि तिथंच माझ्याकडून वचन घेतलं.

अहवालात लिहिलं गेलं, सदर लाभार्थी अस्तित्वात नाही. रक्कम भरून द्यायला गयासभाईंनी बिडकीनजवळचा, म्हातारपणासाठी राखलेला जमिनीचा तुकडा विकला. पैसे भरले, म्हणजे खाल्ले असणारच, असं लोकांनी धरलं. शहागंजातल्या चहाच्या हॉटेलात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. तरी एक तारखेला ते स्वतःच्या पैशाचं पाकीट घेऊन पदमपुऱ्याला निघत. त्यांच्या बायकोनं, अख्तरीभाभींनी, एकदा माझ्यासमोर ऐकवलं, "सारा शहर तुमको चोर बोल रा, और तुम सायकल में हवा भर रे." ते हसले आणि पंप मारत राहिले.

गयासभाई गेल्यावर मी पाकीट नेऊ लागलो. मग बाईही गेल्या. तेराव्याच्या दिवशी सूनबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, बुडालेल्या कंपनीचा हिस्सा कसला? आम्हाला पहिल्यापास्नं माहीत होतं. पण एक तारखेला आत्याबाई असा हुकूम सोडायच्या ना चहाचा, मोडावंसं नाय वाटलं." मी तिथंच पायरीवर बसलो. त्यांना विचारूनच हे लिहितो आहे. आप्पासाहेबांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. अहवाल दुरुस्त करायला ते स्वतः धडपडले. पण बंद झालेल्या वर्षाचा हिशेब कॉम्प्युटर पुन्हा उघडू देईना.

गयासभाईंना मी शेवटचा भेटलो तो शहागंजातल्या घरी. छातीत पाणी झालं होतं, उशांना टेकवून बसवलेले होते. मी म्हणालो, आता तरी मला वचनातून सोडा. उद्या कमिटीपुढं बाईंचं नाव सांगतो, तुमच्यावरचा डाग जाईल. त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं वाटून मी उठायला लागलो, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"माझं काय, मी तर चाललोच. बाई हायेत ना अजून? मग थांबा की थोडं."