शुक्रवारी सांगायचं आडनाव

मुलीला शुक्रवारी वर्गात उभं राहून आपल्या आडनावाची गोष्ट सांगायची होती. तिला ती गंमत वाटली. मला नाही.

इथे परदेशात तिच्या वर्गात आणखी एक मराठी मुलगी आहे. तिची आई मला पासिर रिसच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सपाशी, पहिल्यांदा भेटली, तेव्हा कॉफी यायच्या आधीच तिनं विचारलं, "मूळचे कुठले हो तुम्ही?" या प्रश्नाचा रोख मी लहानपणापासून ओळखते. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून जात कळत नाही. मी गावाचं नाव सांगितलं आणि कॉफी आल्या आल्या कपात तोंड खुपसलं. आम्ही बौद्ध आहोत हे सांगायला हवं होतं, पण घाबरले. आता मुलीनं विचारलं, तेव्हा तिलाही "गावावरून आहे, बास" एवढंच सांगून गप्प केलं.

त्या संध्याकाळी ती समोरच्या फ्लॅटमध्ये मैत्रिणीकडे गेली होती. तिला आणायला गेले, तर मैत्रिणीचे वडील दोघींना स्वतःच्या आडनावाची गोष्ट सांगत होते. ते मूळचे घानाचे, तिथल्या अकान लोकांपैकी. त्यांच्या आडनावाचा अर्थ गुलाम. त्यांच्या पणजीची मुलं जगत नव्हती, म्हणून पुढच्या बाळाला मुद्दाम असलं नाव दिलं, मृत्यूनं हलकं समजून सोडून द्यावं म्हणून. आमच्याकडे दगडू, धोंडू ठेवायचे ते याचसाठी. बाळ जगलं. पुढे घर लंडनला गेलं, पासपोर्टावर तेच नाव आडनाव म्हणून लागलं आणि सगळ्यांना चिकटलं. गृहस्थ हे चक्क हसत सांगत होते. मला त्यांचा हेवा वाटला, थोडा रागही आला.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, आपली स्टोरी इतकी शॉर्ट कशी? खरं सांग ना."

मग सांगितलं. माझ्या वेळी आईला दिवस गेले होते आणि जुनं, जात सांगणारं आडनाव ऐकलं की पुण्यात कुणी खोली देईना. बाबांनी ते टाकलं, गावाचं घेतलं. खोली मिळाली. "पण वर्गात नको सांगूस," मी घाईनं म्हटलं.

ती तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "सेम लाह, अंकलसारखंच. बेबीला वाचवायला नाव." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बट आई, ती बेबी तू ना? यू सो बिग ऑलरेडी. स्टिल हायडिंग?"

मी "सांग" म्हणाले.

शुक्रवारी वन-नॉर्थच्या ऑफिसात दिवसभर फोन पालथा ठेवून बसले होते, त्या दुसऱ्या मराठी मुलीच्या आईचा मेसेज येईल या भीतीनं.